जासूद, ज्योत आणि सत्तर पॉइंट तीन

१८ फेब्रुवारी १९७८ च्या सकाळी हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा माणसं समुद्रात उतरली. त्यांना ३.८ किलोमीटर पोहायचं होतं, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची होती आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावायचं होतं. सगळं एकाच दिवसात. बारा जणांनी ते पूर्ण केलं. पहिला आलेला गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी पोचला. आज जगभर ज्याला आयर्नमॅन म्हणतात, त्याची ही पहिली आवृत्ती.

हे आकडे ऐकले की वाटतं, कुणीतरी शास्त्रज्ञांनी बसून मानवी शरीराची मर्यादा वगैरे काढली असेल. तसं काही नाही. अमेरिकन नौदलातला अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची बायको ज्युडी तेव्हा ओआहूवर राहत होते. १९७७ साली एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला, की जास्त तंदुरुस्त कोण, धावणारा की पोहणारा. कॉलिन्स म्हणाला, सायकलवाल्यांना विसरू नका. वाद मिटवायला त्याने बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन स्पर्धा एकापुढे एक जोडल्या. वायकीकीच्या किनाऱ्यावर पोहण्याची स्पर्धा व्हायची, तिचं अंतर घेतलं. बेटाला सायकलवरून प्रदक्षिणा घालण्याचा एक दोन दिवसांचा कार्यक्रम होता, तो ११५ मैलांचा. त्यातले तीन मैल कमी केले की सायकल बरोबर होनोलुलू मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या ठिकाणी संपत होती. म्हणून ११२ मैल. विषय संपला.

मॅरेथॉनचं अंतर तरी कुठे आकाशातून पडलं? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ साली तेच ४२.१९५ किलोमीटर जगासाठी कायम झालं. त्याच्या आधी प्रत्येक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन कमीजास्त लांबीची असायची.

म्हणजे ज्या आकड्यांसाठी लोक वर्षभर पहाटे उठतात, ते कुणाच्या तरी गावचे रस्ते आहेत. एका बेटाचा घेर आणि एका राजवाड्याचं फाटक. मला यात गंमत वाटते, कारण त्याच आकड्यांचा एक तक्ता सध्या माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो किनवटला बसून पूर्ण करतोय.

शनिवार, सकाळ

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गोव्याच्या ७०.३ शर्यतीसाठी नाव नोंदवलंय. ७०.३ हे मैल आहेत, आयर्नमॅनच्या बरोबर निम्मे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आयटीवाल्यांची, डॉक्टरांची, पोलीस अधिकाऱ्यांची तिथे रीघ लागते.

सप्टेंबरातला एक शनिवार-रविवार मी घरी आलो. तक्त्यात शनिवारी पोहणं आणि त्याला लागून लांब सायकल होती, रविवारी लांब धावणं. किनवटला नदी आहे, पैनगंगा. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पण सप्टेंबरात ती गढूळ आणि भरलेली असते, तिच्यात शहाण्याने उतरू नये. म्हणून काकांच्या शेततळ्यावर गेलो.

शेततळंही साधं प्रकरण नाही. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि एकदा पाय घसरला की काठाला धरायला काही नसतं. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून एका खुंटाला दोरखंड बांधून पाण्यात सोडला, ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब ठेवली आणि काका व चुलतभाऊ काठावर बसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी २६ मीटर भरलं. १.९ किलोमीटरसाठी ७३ चकरा. चुलतभावाने ७३ खडे मोजून डाव्या हाताला ठेवले आणि प्रत्येक चकरीला एक उजवीकडे सरकवला.

चाळिसाव्या खड्याला काका म्हणाले, "मोटरीचं पाणी मोजावं तसं मोजायलास की रे."

आजीच्या माहेरी मुलं कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकायची. त्याच भोपळ्यांची सांगड करून पूल नसलेल्या नद्या ओलांडायचे, महाराष्ट्रात हे सगळीकडेच होतं. त्या पोहण्यात अंतर कधी मोजलं गेलं नाही. पलीकडचा काठ आला की पोहणं संपायचं. चकरा मारणं, म्हणजे ज्या काठावरून निघालो तिथेच पुन्हा पुन्हा परत येणं, ही फार नवी कल्पना आहे.

शनिवार, दुपार

सायकल घेऊन सारखणीमार्गे माहूरला निघालो. जाऊन-येऊन ९० किलोमीटरचा कोटा भरतो आणि वर थोडं उरतं. या दिवसांत सागाला पांढुरका फुलोरा आलेला असतो, शेतात कापूस आणि सोयाबीन. चढ-उतार इतके, की गोव्याचा रस्ता सपाट वाटावा.

या मुलखाची अंतरं पूर्वीपासून दुसरीकडेच ठरत आली. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यं झाली, तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्यात आलं. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण जिल्ह्याचं ठिकाण जवळच्या आदिलाबादहून लांबच्या नांदेडला गेलं. एका सहीसाठी, एका तारखेसाठी इथल्या माणसाला आता जास्त जावं लागू लागलं. किनवट वेगळा जिल्हा करा ही मागणी त्यातूनच निघते. ओआहूच्या नकाशात तीन मैल कमी केले, कारण ते सोयीचं होतं. इथे नकाशा बदलला आणि मैल वाढले. दोन्ही वेळा अंतर कागदावर ठरलं आणि पायांना कळलं नंतर.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंजारा तांडे लागतात. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या इतिहासाची सुरुवात करायची, तर ती इथून करावी लागेल. ट्रक आणि रेल्वे यायच्या आधी धान्य आणि मीठ शेकडो कोस नेण्याचं काम बंजाऱ्यांचे बैल करायचे. १६३२ साली पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते, सगळे धान्याने लादलेले. दिवसाला फार तर सहा-सात मैल चाल, असं त्याने लिहून ठेवलंय. बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी त्याच चालीने. दख्खनमध्ये मोगलांच्या फौजा याच तांड्यांवर जगल्या आणि पुढे इंग्रजांच्या. आर्थर वेलस्लीच्या मोहिमांनाही बंजाऱ्यांचं धान्य लागायचं.

सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आजच्या कुठल्याही ॲपवर हा आकडा कुणाला लाइक मिळवून देणार नाही. पण तो रोजचा होता, महिनोन्महिने, आणि पुढच्या मुक्कामाला पाणी असेलच याची खात्री नसताना.

मग सडका आणि रेल्वे आल्या, बैलांची वाहतूक बसली. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक ठिकाणी त्याखाली बंजाऱ्यांची नावं आली. ज्यांची नावं लागली त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर परवाना लागे. म्हणजे या लोकांच्या चालण्याची नोंद शेवटी झालीच. ती पोलीस ठाण्याच्या वहीत झाली.

हे डोक्यात घोळत असताना एका तांड्याजवळ पाण्यासाठी थांबलो. हेल्मेट, चिकटलेले कपडे, घड्याळ असा माझा अवतार. खाटेवर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कुठं गेलता?"

"माहूरला."

"दर्शन झालं?"

"नाही, खालूनच परत आलो."

ते काही बोलले नाहीत. पण माहूरपर्यंत जाऊन रेणुकेचं दर्शन न घेता परत येणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा.

रविवार, पहाट

पाच वाजता धावायला बाहेर पडलो तर रस्ता भरलेला. पोलीस भरतीची मुलं-मुली. हे दृश्य मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. पुरुषांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २० गुण. त्यापुढे काही सेकंदांनी गुण घसरत जातात.

मी एका घोळक्यासोबत धावू लागलो. पहिल्या दोन मिनिटांत ते पुढे निघून गेले. परतीच्या फेरीत भेटले, तेव्हा एकाने विचारलं, "दादा, किती मारणार?"

"एकवीस किलोमीटर."

"बाप रे. आणि मार्क किती?"

मार्क नाहीत, पदक मिळतं, असं सांगितलं. मग पुढचा प्रश्न आलाच, की फॉर्मची फी किती. मी आकडा सांगितला. सगळे एकदम गप्प झाले आणि मग खदखदून हसले. त्यात टवाळी नव्हती. पैसे भरून धावायचं आणि नोकरी नाही, हा व्यवहारच त्यांना विनोदी वाटला. त्यांच्यासाठी एकेका सेकंदावर घर अवलंबून आहे.

घड्याळाशी बांधलेलं धावणं आपल्याकडे जुनं आहे आणि तेही पोटासाठीच. पेशवाईतल्या पत्रांमध्ये 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार येतो. निरोप घेऊन जाणारे जासूद जोडीने पाठवत, वाटेत एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसरा पोचावा म्हणून. भाड्याने घेतलेली जोडी असेल तर ती 'अजुरदार'. अजुरा म्हणजे त्यांची मजुरी. किती दिवसांत पोचायचं याची बोली व्हायची. आजच्या भाषेत सांगायचं तर कटऑफ. पुणे ते दिल्ली, पुणे ते हैदराबाद, नद्या-जंगलं ओलांडत. पत्रात कुणी कुणाला काय कळवलं ते तपशीलवार सापडतं. पत्र नेणाऱ्याचं कधी नाव असतं, बहुतेकदा नुसतं 'जोडी'. फौजा, तह, वसुली, सगळं या पायांवर चाललं. त्या पायांचा इतिहास मात्र मजुरीच्या हिशोबात एका ओळीपुरता उरला.

मग हे पाय खेळाच्या वहीत कधी आले? त्याची तारीख जवळपास सांगता येते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरले होते ते बहुतेक शेतकरी, अनवाणी, शास्त्रशुद्ध सराव वगैरे काही नसलेले. त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले, कारण त्या युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक होतं. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं पाठबळ मिळवलं, पैसा उभा केला, स्वतःच्या खिशातूनही घातला आणि एक छोटा संघ रवाना झाला.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० ला ते ऑलिंपिक मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा क्रमांक. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटर होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. एका वर्षापूर्वी ज्या पायांची जगाला खबर नव्हती, ते जगात एकोणिसावे.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की १९१९ ला पायांमध्ये काहीच बदल झाला नव्हता. शेतकरी तेच, अनवाणी पाय तेच. त्या वर्षी फक्त घड्याळ हातात धरलेला एक माणूस रेषेवर उभा होता आणि त्याला दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची त्याची तयारी होती.

शंभर वर्षांनंतर हीच गोष्ट मराठवाड्यात घडली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. आई-वडील वीटभट्टीवर कामाला. मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, सैन्याच्या क्रॉस-कंट्री स्पर्धेत उतरला आणि तिथे कुणीतरी घड्याळाकडे बघितलं. तो अविनाश साबळे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्यपदक. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं.

अशा कहाण्या सांगताना आपण पटकन म्हणतो, "बघा, गरिबीतूनच खेळाडू घडतो." मला ते पटत नाही. सहा किलोमीटर चालून शाळेत जाणारी मुलं मराठवाड्यात हजारो होती. किनवटच्या वाड्या-पाड्यांवर अजून आहेत. त्यांच्यातली बहुतेक मुलं धावपटू झाली नाहीत. त्यांची शाळा सुटली. चालणं माणसाला घडवतं तसं ते माणसाला संपवतंही. काय होणार हे बऱ्याचदा शेवटी कोण उभं आहे यावर ठरतं.

१९७८ च्या त्या पहिल्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाला स्वतःची मदतनीस टोळी आणायची अट होती. जॉन डनबर सायकलनंतर सगळ्यात पुढे होता. धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर दिली. तो दुसरा आला. हा किस्सा हसत सांगितला जातो. पण पाणी संपलं हे लक्षात ठेवायला कुणी असणं, हीच तर खेळाची खूण. तांड्याचं पाणी किती वेळा संपलं असेल, ते लिहिलेलं नाही.

रविवार, संध्याकाळ

आमच्या भागात एक धावणं असं आहे, जे मजुरीसाठी नाही, गुणांसाठी नाही आणि पदकासाठीही नाही. नवरात्राच्या आधी गावोगावची मंडळं माहूरला जातात, रेणुकेच्या गडावर ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत ती गावी आणतात. मागे टेम्पो, त्यावर भोंगा, आत दमलेली पोरं. हातातली ज्योत धावणाऱ्याकडून धावणाऱ्याकडे जाते. रात्रभर. घटस्थापनेच्या आत गावात पोचायचं आणि ती विझू द्यायची नाही, एवढेच दोन नियम. वेशीवर आरती घेऊन बायका उभ्या असतात.

मी अकरावीत असताना त्यात धावलोय. आज विचार केला तर खेळाच्या सगळ्या अटी तिथे पूर्ण होत्या. अंतर होतं, मुदत होती, मागे पाणी होतं, शेवटी वाट बघणारं गाव होतं. फक्त कुणी कुणाची वेळ लिहून घेतली नाही, कारण ज्योत सगळ्यांची होती.

इथल्या गोंडांचा इतिहासही असाच कागदाबाहेर राहिला. प्रधान लोक किंगरी घेऊन यजमानांच्या घरी जायचे आणि त्यांच्या कुळाची कहाणी पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ गायचे. वही नव्हती म्हणून नोंद नव्हती, असं म्हणता येत नाही. नोंद होती. ती माणसात होती आणि माणसासोबत चालत यायची.

हे सगळं सुचल्यावर मी रात्री जेवण झाल्यावर आजीजवळ जाऊन बसलो. ती मुलगी असताना माहेरहून माहूरला चालत गेली होती, एवढं मला ऐकून माहीत होतं. किती वर्षांची होतीस, कोणत्या वाटेने गेलात, सगळं विचारलं. गावांची नावं तिने एकामागून एक सांगितली. मी फोनवर नकाशा उघडून ती जोडत गेलो. ३१ किलोमीटर भरले. साल १९६२ च्या आसपास, वय बारा.

माझ्या ॲपमध्ये दुसऱ्याचं अंतर टाकायची सोय नाही, म्हणून वही घेतली. तिचं नाव लिहिलं. अंतर ३१ किलोमीटर. वेळ, दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत. ओझं, कडेवर दोन वर्षांचा भाऊ. पाण्याचे थांबे विचारले तर म्हणाली, एक विहीर आणि एक ओढा. मी तसं लिहिलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन विहिरी लिही. एक आटलेली होती, पण आम्ही थांबलो होतो तिच्यापाशी."